ओल्या शिडाची आठ पानं

माझ्या जहाजांच्या कादंबऱ्या वाचून माणसं भेटायला येतात, चहाचा पहिला घोट घेतात आणि विचारतात, "पण तुम्ही तर सुरतेत, पांडेसऱ्यात वाढलात ना? मग ही शिडं, डोलकाठ्या, तांडेल कुठून आणलेत?" विचारण्यात वाईट हेतू नसतो, हे मला कळतं. तरी माझी कानशिलं तापतात. राजेरजवाड्यांवर लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुमचं बालपण कुठल्या महालात गेलं. कापड रंगवणाऱ्या कामगाराच्या मुलीने मात्र दर वेळी खुलासा द्यायचा. पूर्वी मी हसून विषय बदलायची. आता वय झालं, हसण्याची सक्ती उरली नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. शीड मला समुद्राने शिकवलं नाही. ते आबांनी आणि मायने शिकवलं, आणि त्या शिडापायी मला जो अपमान गिळायला लावला गेला, त्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

आमची खोली एका चाळीच्या वरच्या मजल्यावर होती. खालून गटार वाहायचं आणि त्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असायचं. सोमवारी जांभळं, मंगळवारी हिरवं. सणासुदीच्या आधी लाल रंगाला मागणी असायची, तेव्हा आठ-आठ दिवस ते लालच वाहायचं. आबा कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांच्या कडा कधीच स्वच्छ झाल्या नाहीत, आणि ते आंघोळ करून जेवायला बसले तरी त्यांच्या अंगाला कढत रंगाचा आंबूस वास यायचा. मला तो वास आवडायचा, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. त्याआधी खानदेशात असताना आबा सुती गिरणीत विणाई खात्यात होते. ती गिरणी बंद पडली तेव्हा अर्ध्या गावाने सुरतेची गाडी धरली, त्यात आम्हीही आलो. घरात आमची बोली अहिराणी, शाळेत मराठी, नळावर गुजराती आणि भांडणात हिंदी. माझी धाकटी बहीण तर रागावली की गुजरातीतच रागवायची आणि मायला त्यातलं निम्मं कळायचं नाही, त्यामुळे तिला मारही निम्माच बसायचा.

माय दिवसभर धागा कटिंग करायची. साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, त्यांच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबत असायचे, ते बोटभर कात्रीने कापायचे. चाळीतल्या चार-पाच बायका जेवणं आटोपली की आमच्या दाराबाहेरच्या गॅलरीत बसायच्या आणि त्या कात्र्यांचा टिकटिक आवाज संध्याकाळपर्यंत चालायचा. मी शाळेतून आले की मला ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळायचा, वर कच्चं तेल. मग मी त्यांच्यात बसायची, आणि माझं काम ठरलेलं होतं. मी वाचून दाखवायची. त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, पण इतके चोखंदळ श्रोते मला पुढे कधी मिळाले नाहीत. गोष्ट लांबली की शोभामावशी, आमच्या शेजारच्या खोलीतली, कात्री न थांबवता म्हणायची, "आते फुडे चाल, नंदा. ती बाई तीन पानंपसून रडी ऱ्हायनी."

गल्लीच्या तोंडाशी एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून मी मिळेल ते आणायची. त्यात एकदा जुन्या गलबतांविषयीचं एक कव्हर नसलेलं पुस्तक आलं. ते मी इतकं वाचलं की त्यातली गुराब, शिबाड, पाल ही गलबतांची नावं मला मावश्या-आत्यांच्या नावांसारखी पाठ झाली. मग एका सुटीच्या दिवशी आबांनी आम्हाला कतारगाम दरवाजाजवळची टोपीकरांची थडगी दाखवायला नेलं. केवढे ते घुमट. वखारीतल्या साहेबांसाठी दोन-दोन मजल्यांची बांधकामं. मी आबांना विचारलं, की यांची जहाजं ज्यांनी चालवली, शिडं ओढली, त्या खलाशांना कुठे पुरलं? आबा इकडेतिकडे बघून म्हणाले, "आठे तं नही दिखात." परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की मी त्या खलाशांची गोष्ट लिहीन.

मी तेव्हा अकरावीत होते. गोष्ट अशी होती. केरू नावाचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, एक लहानशी गुराब घेऊन सुंवाळीच्या किनाऱ्याच्या बाजूने तापीच्या मुखाकडे निघाला आहे. मागे कंपनीचं तोफांनी भरलेलं मोठं जहाज लागलं आहे. भरतीचं पाणी नदीत आहे तोवर केरूने मुखाशी पोचायला हवं, कारण मोठ्या जहाजाला नदीत शिरता येत नाही आणि ओहोटी लागली की केरूची गुराबही वाळूत रुतणार. आणि नेमका वारा पडतो. शिडं लोंबतात. मागचं जहाज तोफेच्या टप्प्यात येऊ लागतं. इथवर मी धाडधाड लिहिलं आणि इथे अडकले. केरूला वाचवायचं कसं, हे मलाच माहीत नव्हतं. वादळ आणायचं नव्हतं. वादळ कुणीही आणतं.

चार दिवस मी जेवताना गप्प होते, तेव्हा मायने कारण विचारलं. मी सांगितलं, की वारा थोडाच आहे आणि शिडाच्या कापडातून निसटून जातो. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग कपडा ओला कर ना. नदीमा लुगडं धवतस, तवय त्याना फुगा व्हस नही का? कितलाबी दाब, हवा भायेर निंघत नही." आबांनी घास तसाच ठेवला. "बराबर," ते म्हणाले. "कापूस पानी पेस, मंग धागा फुगस. दोन धागामधली फट बुजी जास." त्यांच्या जुन्या गिरणीत विणाई खात्यात मुद्दाम ओल ठेवत, कारण सुकं सूत तुटतं आणि ओलं सूत तग धरतं, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. मी उष्ट्या हाताने वही ओढली. माझ्या केरूने खलाशांना डोलकाठ्यांवर चढवलं आणि खालून बादल्या वर देऊन शिडांवर समुद्राचं पाणी ओतायला लावलं. कापड घट्ट झालं, वारा धरू लागलं आणि गुराब हलली.

पुढे किती तरी वर्षांनी मला कळलं की शिडाच्या जहाजांवरचे खलाशी मंद वाऱ्यात खरोखरच शिडं भिजवत असत. मायने तापी सोडून दुसरं मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. ही गोष्ट मी मला भेटायला येणाऱ्यांना सांगते तेव्हा ते कौतुकाने मान हलवतात. कौतुकाचा प्रश्नच नाही. जिने जन्मभर कापड धुतलं तिला कापड कळणारच.

शहरात एक मराठी मंडळ होतं. गणपतीत त्यांचा हस्तलिखित अंक निघायचा. छापील नव्हे, हाताने लिहिलेला, आणि त्याची प्रत एकच. उत्सवात तो मखराशेजारी पाटावर ठेवत, मग वर्षभर तो घरोघर फिरे. एकेका घराला चार दिवस. शेवटच्या पानावर यादी असे, वाचून झालं की तिथे सही करायची आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. अंकाचे संपादक होते मुळेसाहेब. बँकेत अधिकारी, मोठा चष्मा, इस्त्रीचा सदरा. सगळा अंक ते स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि त्यांचं अक्षर खरोखर देखणं होतं. मथळे रंगीत शाईत काढायचे, समासात बारीक वेलबुट्टी. अंकावर त्यांचा जीव होता, हे मी नाकारत नाही. त्या वर्षी त्यांनी कामगारवस्तीतूनही साहित्य मागवलं. आमच्या मास्तरांनी माझी वही तिकडे पोचवली आणि पंधरा दिवसांनी निरोप आला, की कथा घेतली आहे, रविवारी येऊन भेट.

मंडळाच्या खोलीत टेबलाभोवती सहाजण बसले होते. मुळेसाहेबांनी माझं कौतुक केलं आणि माझ्यापुढे त्यांची सुधारलेली प्रत ठेवली. खलाशांच्या तोंडची बोली त्यांनी काढून टाकली होती. तेही मी गिळलं. पण बादल्या नव्हत्या. ओलं शीड नव्हतं. केरू डोळे मिटून देवीचा धावा करत होता आणि आकाशात काळे ढग जमून वादळ त्याच्या मदतीला येत होतं. मी विचारलं, असं का? मुळेसाहेब समजुतीने म्हणाले, "अगं, भिजलेलं कापड जड होतं. जहाज मंदावेल, पळेल कसं? वाचक हसतील तुला. तू काही समुद्र पाहिलेला नाहीस, त्यामुळे चूक होणं साहजिक आहे."

चूक. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, करून दाखवते. त्यांच्यातलं कुणीतरी गमतीने मेणबत्ती लावली. माझ्या दप्तरात वह्या बांधायची चिंधी होती, आबांच्या कारखान्यातून आलेली, आमच्या घरात सगळ्याच कामांना तीच. मी ती आधी कोरडीच ज्योतीपुढे धरून फुंकर मारली, ज्योत विझली. पुन्हा लावली. चिंधी तांब्यात बुडवली, धरली, फुंकली. ज्योत पुन्हा विझली. मी पुन्हा भिजवली, पुन्हा फुंकली. पाणी टेबलावर सांडलं, कुणाच्या तरी कागदांवर गेलं. सहाच्या सहा जण हसले. दुष्टपणे नव्हे, लाडाने हसले, आणि ते मला जास्त लागलं. मुळेसाहेबांनी रुमालाने टेबल पुसलं आणि म्हणाले, "कळलं ना? आता अभ्यासाकडे लक्ष दे, छान लिहितेस तू."

घरी येऊन मी चिंधी भिंतीवर फेकली आणि मायला म्हटलं की तू खोटं बोललीस. हे वाक्य मी परत घेऊ शकले असते तर आयुष्यातली दुसरी कुठलीही चूक तशीच ठेवायला मी तयार आहे. आबांनी खाली पडलेली चिंधी उचलली, दोन बोटांत चोळली आणि माझ्याकडे बघत राहिले. "पोरी, हाई पॉलिस्टर शे," ते म्हणाले. "हाई कथी पानी पेस? झटकं का कोरडं."

मला धरणी दुभंगावीशी वाटली. कापडाच्या गावात राहून, कापडावर जगून मी हे विसरले होते. सुती कापड आमच्या घरातून कधी गेलं हेच कळलं नव्हतं. पडदे पॉलिस्टरचे, माझा गणवेश पॉलिस्टरचा, देव्हाऱ्यातलं वस्त्रसुद्धा. मायने पेटीच्या तळातून तिचं गावाकडचं सुती लुगडं काढलं, विरत चाललेलं. त्याचा पदर आबांनी स्टोव्हच्या ज्योतीपुढे धरला. कोरडा होता तेव्हा फुंकर आरपार गेली. भिजवल्यावर मी गाल दुखेपर्यंत फुंकलं, ज्योत जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी पाळी बदलून घेतली आणि ते लुगडं पिशवीत घालून आम्ही दोघं मुळेसाहेबांच्या घरी गेलो. साहेबांशी बोलायचं म्हणून आबा वाटभर शुद्ध मराठीची तयारी करत होते. "साहेब, मुलीची चूक झाली नाही, कापडाची निवड चुकली," हे वाक्य त्यांनी बसमध्ये तीनदा पुटपुटलं. मुळेसाहेबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आबांनी प्रयोग करून दाखवला, त्यांच्या वजनदार हातांनी, एखादं यंत्र जुळवावं इतक्या निगुतीने. मुळेसाहेब वाकून बघत होते. त्यांनी स्वतःही फुंकून पाहिलं. दोनदा. मग सरळ बसले.

"असेल बुवा," ते म्हणाले. "पण आता पानं लिहून झाली आहेत. आठ पानं आहेत. आणि खरं सांगू का, वाचकाला वादळच आवडतं." मग आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाव तिचंच राहणार आहे. कथा तिचीच आहे, मी फक्त थोडा हात फिरवला."

आबांनी पाठ केलेलं वाक्य तोवर म्हणून झालं होतं. त्यांनी ओलं लुगडं पिळलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. चौकात त्यांनी मला लोचो घेऊन दिला, भरपूर तेल आणि शेव घातलेला, आणि मी तो खाल्ला नाही. माणसाला पटत नाही तेव्हा तो भांडतो, वाद घालतो, ते मी समजू शकते. पण डोळ्यांनी बघून, स्वतःच्या तोंडाने फुंकून, पटूनसुद्धा जो म्हणतो की राहू दे, त्याचं काय करायचं? पुढे मला असे पुष्कळ भेटले. पहिला म्हणून मुळेसाहेब लक्षात राहिले.

गणपतीत अंक पाटावर बसला. माझ्या नावावर वादळ, माझ्या नावावर देवीचा धावा. मंडळी मला "छान हं" म्हणाली आणि मी मान खाली घालून प्रसाद घेतला. मग अंक फिरायला निघाला. यादीत आधी बँकेतली घरं, मग शिक्षकांची, मग सरकारी वसाहतीतली. पांडेसरा सगळ्यात शेवटी, आणि पांडेसऱ्यात घर एकच, आमचं. तो आमच्याकडे आला तेव्हा पुढचे गणपती दोन महिन्यांवर आले होते. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले होते, एका पानावर चहाचा डाग होता.

बायका गॅलरीत बसल्या होत्या. शोभामावशी म्हणाली, वाच आता तुझी गोष्ट. मी वाचायला घेतली. वादळापाशी आले आणि पुढे वाचवेना. मायने कात्री थांबवली. "मन्ह लुगडं कथं शे यामा?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, काढून टाकलं. तिने हात पुसले, अंक माझ्या मांडीवरून घेतला, उलटा करून त्याची शिवण बघितली. जाड दोऱ्याचे चार टाके होते. तिने विचारलं की यातली तुझी पानं कुठली, मी दाखवली. आणि धागे कापण्यात ज्या बाईचा हात आख्ख्या चाळीत कुणी धरू शकत नव्हतं तिने ते चार टाके टिक टिक टिक टिक असे कापले.

मी दोन दिवस शाळेत गेले नाही. माझी मूळ गोष्ट मी माझ्या अक्षरात लिहिली, बोलीसकट, बादल्यांसकट. अक्षर मुळेसाहेबांच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. ती त्या आठ पानांच्या जागी घालून आबांनी दाभणाने अंक पुन्हा शिवला. यादीवर आमच्या नावाखाली मी शोभामावशीचं नाव घातलं, मग खालच्या मजल्यावरची घरं, मग शेजारच्या डिंडोली वस्तीतली, आबांच्या कामावरच्या जोडीदारांची. अंक चाळीत फिरू लागला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मी बसून वाचायची, आणि ओल्या शिडापाशी प्रत्येक घरात कुणीतरी जुनं माणूस म्हणायचं, हां, बरोबर, असंच होतं.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले, तेव्हा एका रविवारी दुपारी मुळेसाहेब स्कूटरवरून आले. ते आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आले असावेत, बुटांना रंगीत चिखल लागला होता. गॅलरीत बायका होत्या, मी मधोमध बसून वाचत होते, आबा दाराशी टेकून बसले होते. मुळेसाहेबांनी हात पुढे केला, मी अंक दिला. त्यांनी उभ्या उभ्या पानं चाळली आणि माझ्या वाकड्या अक्षरापाशी थांबले. पुढे उलटली, मागे उलटली.

"माझी पानं कुठे आहेत?" ते म्हणाले. "माझी आठ पानं?"

कात्र्या थांबल्या. मी आत गेले, ट्रंकेवरून ती आठ पानं आणली. जपून ठेवली होती, एकही कोपरा दुमडू दिला नव्हता. ती त्यांच्या हातात देत म्हटलं, "ही घ्या तुमची पानं. वर माझं नाव आहे तेवढं खोडा." त्यांनी पानांकडे पाहिलं, त्या सुंदर अक्षराकडे, आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. क्षणभर मला वाटलं की ते आता काही कबूल करतील. त्यांनी अंक काखेत मारला आणि जिन्याकडे वळले. "अंक मंडळाचा आहे," ते म्हणाले.

आबा दारातून उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी कुठलंही वाक्य जुळवलेलं नव्हतं.

"आम्हीबी मंडळनाच शेतस, साहेब," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. "अजून वाचनं बाकी शे."

मुळेसाहेबांनी अंक त्यांच्या हातावर ठेवला. ते खाली उतरले, स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. आबांनी मला अंक दिला, मी पान शोधलं आणि केरू तांडेल पहिली बादली वर देतो तिथून पुढे वाचायला लागले.